पुसण्याआधी तीन हाका

कॉम्प्युटरमधली एखादी गोष्ट पुसायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं तर मी सांगते, दहा-बारा दिवस. ऐकणारा हसतो. नवीन भरती झालेले तर एकमेकांकडे बघून भुवया उडवतात, कारण त्याला एक क्लिक पुरते हे त्यांना शिकवलेलं असतं. मलाही तसंच शिकवलं होतं. मग मन्मथअप्पा भेटले.

अप्पा आमच्या ट्रस्टच्या मशीन-रूमचे मुख्य. ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल नांदेडला, दुसरं लातूरला, आणि नायगाव, बिलोली, धर्माबादला लहान केंद्रं. या सगळ्या ठिकाणचे कॉम्प्युटर नांदेडच्या तळमजल्यावरच्या एका थंडगार खोलीच्या जिवावर चालायचे. बाहेर एप्रिलचं ऊन डांबर वितळवत असायचं आणि अप्पा आत स्वेटर घालून बसलेले. स्वेटर अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विणलेला. त्याचा मूळ रंग कोणता यावर स्टाफमध्ये दोन पक्ष होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शर्टाच्या आत लिंगायतांचं चांदीच्या डबीतलं लिंग, आणि चपला कायम दाराबाहेर. धूळ येते म्हणून, असं ते सांगायचे. मला वाटतं तेवढंच कारण नव्हतं.

माणूस मूळचा उदगीरचा. घरची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत, ती आता धाकटा भाऊ बघतो. अप्पा सांगायचे की धान्याच्या धुळीनं शिंका यायच्या म्हणून मी आडत सोडली. भाऊ सांगायचा की याला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही, म्हणून वडिलांनी हात जोडून याला शिकायला घालवला. दोघांचंही खरं असावं.

मला नोकरीला घेताना आमचे व्यवस्थापक साहेब तयार नव्हते. "मशीन-रूममध्ये मुलगी? वायरी ओढायच्या असतात, शिड्या चढायच्या असतात," ते माझ्यासमोरच म्हणाले. अप्पा कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, "साहेब, वायर काय बाईमाणूस बघून तुटती का?" त्या एका वाक्यावर मी लागले. कंत्राटावर, वर्षावर्षाच्या बोलीवर.

पहिल्या दिवशी मी घरच्या सवयीनं अप्पांसाठी पाण्याचा ग्लास भरून आणला. ते खुर्चीतून उठले आणि तो ग्लास मलाच प्यायला लावला. "हितं ज्याचं त्यानं भरून प्यायचं, माय. आज तू पानी आणशील, उद्या हे लोक चहा सांगतील, परवा झाडू हातात देतील. मग मशीन कवा शिकशील?" आमच्याकडे लेकीबाळींना माय म्हणतातच, पण अप्पा म्हणायचे तेव्हा खरंच त्यांच्या कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. पुढे अडीच वर्षं त्यांनी मला एकदाही पाणी मागितलं नाही. एकदाच मागितलं, ते सांगते पुढे.

शिकवायची त्यांची पद्धत मोंढ्यातली होती. डीएनएस म्हणजे काय, हे मी कॉलेजात तीन वेळा पाठ केलं होतं आणि तीन वेळा विसरले होते. अप्पांनी मला जिन्यावरून वर नेलं आणि चौकशीच्या खिडकीसमोर उभं केलं. एक म्हातारा विचारत होता, हाडाचे डॉक्टर कुठं बसतात? खिडकीतली बाई म्हणाली, खोली नंबर चौदा. म्हातारा गेला. "झालं," अप्पा म्हणाले. "माणसाला नाव माहीत असतं, मशीनला आकडा लागतो. नाव सांगितलं की आकडा सांगणारी खिडकी म्हंजे डीएनएस. आता ही खिडकी बंद केली तर काय व्हईल? डॉक्टर आपल्या जाग्यावरच बसलेला ऱ्हाईल, अन् पेशंट दिवसभर हिंडंल. बराबर?"

आमच्या खोलीत एक दांडगा सर्व्हर होता आणि त्याच्या पोटात वीस-पंचवीस आभासी मशीनं, कामाला वेगळी पण लोखंड एकच. ती बनवायचं, चालू-बंद करायचं काम एक सॉफ्टवेअर करायचं, त्याला आम्ही कन्सोल म्हणायचो. कन्सोलनं नवं मशीन बनवलं की त्याचं नाव आणि आकडा तो आपणहून त्या खिडकीला कळवायचा. कन्सोल आणि खिडकी यांच्यातल्या या जोडणीला पुस्तकात इंटिग्रेशन असा शब्द आहे. अप्पा तिला सोयरीक म्हणायचे. "सोयरीक जमवायला काय, दोन बटनं दाबा. मोडताना मातर दोनी घरची माणसं इचारावी लागतात. कुनाचं काय अडकलंय ते आपल्याला दिसत नसतंय."

आणि ते खरंच विचारायचे. कन्सोलवर एखाद्या गोष्टीसमोर 'वापरात नाही' असं हिरव्या अक्षरांत आलं तरी अप्पांचा विश्वास बसायचा नाही. ते यादी कागदावर उतरवून घ्यायचे, पिशवीत डबा टाकायचे आणि एसटीनं निघायचे. याला त्यांचं नाव विचारफेरी. एकदा बिलोलीचं एक जुनं नाव पुसायचं होतं, कन्सोल छातीठोकपणे सांगत होता की त्याला कुणी विचारत नाही. अप्पा बिलोलीला गेले. तिथल्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं एक जुनं यंत्र होतं, ते रिपोर्ट पाठवायला तेच नाव वापरत होतं. विसरू नये म्हणून तिथल्या बाईंनी ते नाव काळ्या मार्करनं भिंतीवर लिहून ठेवलं होतं, शेजारी गणपतीचं कॅलेंडर. अप्पांनी मला तिथून फोन केला, आनंद गगनात मावत नव्हता. "बघ माय! ही भिंत कन्सोलला दिसती का? त्याला त्याचीच लेकरं माहीत. दुसऱ्याची लेकरं पंगतीला येऊन बसलीत, ते त्याच्या बापाला कळनार न्हाई."

विचारफेरी झाली की सगळ्या नोंदींची नक्कल बाजूला ठेवायची. मग ती जोडणी नुसती बंद करायची, पुसायची नाही. झोपवून ठेवली, म्हणायचे. आठ दिवस कुणाचा फोन आला नाही तर पुसायची. आणि पुसतानाही अप्पांचं एक होतं. बटणावर बोट ठेवायच्या आधी ते स्क्रीनकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारायचे, "आत कोन हाय का?" एकदा नाही, तीनदा. दोन हाकांच्या मध्ये थांबून ऐकल्यासारखं करायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंडात ओढणी कोंबून हसले होते.

त्यामागची गोष्ट त्यांनी जेवताना सांगितली. त्यांच्या लहानपणी मोंढ्यात सणाची सुट्टी होती म्हणून वडिलांनी गोदामाला कुलूप लावलं. आत पोत्यांच्या थप्पीमागे एक हमाल झोपला होता. तिसऱ्या दिवशी गोदाम उघडलं. माणूस जिवंत होता, पण पुढे कितीतरी दिवस बंद दारासमोर उभा राहिला की त्याला कापरं भरायचं. त्यानंतर वडिलांनी मरेपर्यंत एकदाही आत तीन हाका मारल्याशिवाय कुलूप लावलं नाही, भर दुपारी, गोदाम रिकामं दिसत असतानासुद्धा. "मोंढ्यातले लोक हसायचे," अप्पा भाकरी मोडत म्हणाले. "बाबा म्हनायचे, हसू द्या. हाक माराया काय लागतंय?"

माणूस तसा विसरभोळा. लातूरच्या कुठल्याही मशीनचा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील, पण अक्कांचा फोन आला आणि त्यांनी "आज काय हाय?" असं खोचून विचारलं की अप्पा कॅलेंडरकडे बघून निरागसपणे सांगणार, "बुधवार." लग्नाचा वाढदिवस असायचा. दुसऱ्या दिवशी डब्यात नुसती भाकरी आणि कांदा यायचा. काम नीट पार पडलं की दोन्ही हात झटकून म्हणायचे, "साकु." उदगीरकडच्या कानडीतलं ते, पुरे झालं म्हणून. अप्पांच्या तोंडून साकु ऐकलं की आम्ही मोकळा श्वास घ्यायचो.

एकच अभिमान होता त्यांना. तो ते लपवायचेही नाहीत. "तीस वर्षं झाली, माय. माझ्या हातानं चुकीचं काई पुसल्या गेलं न्हाई." हे सांगताना बसल्या जागी दोन बोटं उंच व्हायचे. ना कधी प्रमोशनचं बोलले, ना पगाराचं. एवढं एक वाक्य मात्र नवीन माणूस आला की ऐकवायचेच.

ते वाक्य मी त्यांच्याकडून काढून घेतलं.

लातूरची जुनी सोयरीक मोडायची होती. नवी जोडणी सुरू होऊन महिना झाला होता. सगळी मशीनं तिकडे नेली होती, आणि साहेबांना तपासणीची माणसं यायच्या आत जुनं सगळं साफ हवं होतं. अप्पा विचारफेरीवर निघाले. आधी बिलोली, येताना नायगाव, आणि लातूर शेवटी, कारण तिथे दोन दिवस मोडतात. जाताना मला म्हणाले, "मी येईस्तोवर झोपवू बी नगो. लातूर इचारायचं ऱ्हाईलंय."

अकराच्या सुमारास साहेब खाली आले. मी स्क्रीन दाखवली. जोडलेली मशीनं शून्य, जोडलेली नेटवर्कं शून्य. "मग?" साहेब म्हणाले. "शून्याला काय विचारायचं असतं?" मी म्हटलं, अप्पा येऊ द्या. ते जायला वळले आणि दारातून म्हणाले, "तुम्हाला येत नसेल तर राहू द्या."

एवढंच. ओरडले नाहीत, दमदाटी केली नाही. पण ते वाक्य मला झोंबलं. मी अप्पांना फोन लावला, लागला नाही. माझ्या लॉगिनला काही पुसायची परवानगी नव्हती. अप्पांचा पासवर्ड मला माहीत होता. ते नसताना मशीन अडलं तर मी हात बांधून बसू नये, म्हणून त्यांनीच विश्वासानं दिलेला. तो मी टाकला. खाली एक लहान चौकोन होता, 'संबंधित नोंदीही काढून टाका', आणि त्यावर आधीपासूनच खूण होती. मी तो वाचला. शून्य मशीनं, तर नोंदी कुठल्या, असा विचार केला आणि बटण दाबलं. हाक मारली नाही. मारली असती तरी उत्तर येणार नव्हतं, हे मला कळतं. पण मारायला थांबले असते तर तेवढ्यात कदाचित लातूर आठवलं असतं.

कन्सोल यायच्या कितीतरी आधी लातूरला लोकांनी हातानं लिहिलेली एकतीस नावं त्या खिडकीवर होती. कन्सोलनं ती बनवली नव्हती, म्हणून तो ती मोजत नव्हता. पुसताना मात्र त्यानं आपलं-परकं केलं नाही. रक्तपेढीचं नाव त्यात होतं.

दहा मिनिटांत लातूरहून फोन. बाळंत झालेल्या एका बाईला रक्तस्राव होत होता आणि वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर रक्तपेढीचं पान उघडत नव्हतं. कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, काही दिसेना. एक सिस्टर अंगण ओलांडून पळत गेली आणि विचारून आली. बाई वाचली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तो पाऊण तास मला माहीत नव्हतं की ती वाचणार आहे.

मी रडत अप्पांना फोन लावत राहिले. लागला तेव्हा ते नायगावच्या स्टँडवर होते. मागे कंडक्टर नरसी-देगलूर ओरडत होता. मी काय केलं ते तुटक तुटक सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "चौकोनावर खूण होती का?"

"हो."

मग म्हणाले, "डोळे पूस. लिही." आणि उभ्या उभ्या एकतीस नावं आणि त्यांचे आकडे सांगितले. पिशवीतल्या यादीत ही नावं नव्हती, आणि नक्कल ते लातूर झाल्यावर घेणार होते. सगळं डोक्यातून. सगळ्यात आधी रक्तपेढी. मी एकेक टाकत गेले, लातूरला एकेक दिवा परत लागत गेला. शेवटचं झालं तेव्हा म्हणाले, "आता लातूरला फोन लाव अन् सिस्टरला इचार बाई कशी हाय. मशीनचं मागून बघू."

तिसऱ्या दिवशी चौकशी बसली. ट्रस्टचे दोन विश्वस्त, साहेब, अप्पा आणि मी. कन्सोलनं छापलेला कागद टेबलावर होता, त्यावर वेळ होती आणि अप्पांचं नाव होतं. साहेब रुमालानं चष्मा पुसत होते. दाराशी ते काय बोलून गेले होते, हे त्यांनाही आठवत असणारच. विश्वस्तांनी विचारलं, हे कसं झालं? मी तोंड उघडलं. तेवढ्यात अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "माय, जरा पानी आणती का?"

त्यांनी कधी मागितलं नव्हतं. मी उठले आणि बाहेर गेले. मडक्यातलं पाणी ग्लासात घेतलं. परत आले तोवर अप्पा बोलून मोकळे झाले होते.

"बिलोलीच्या केंद्रातून पुसलं मी. लातूर इचारायचं ऱ्हाईलं. घाई झाली."

"अप्पा, तुम्ही? घाई?" एक विश्वस्त म्हणाले.

"हाव. वय झालं आता." त्यांनी ग्लास घेतला, एका घोटात संपवला आणि कागदावर सही केली.

मी भ्याले होते. ते लपवून उपयोग नाही. खोलीत चौघे होते, मला सत्य माहीत होतं, आणि मी रिकामा ग्लास हातात धरून उभी राहिले.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "कामून केलं असं, अप्पा?"

"तुझं कंत्राट हाय, माय. उद्या दार दाखवतील. माझं काय, दीड-दोन वर्षं ऱ्हाईली. अन् तुझ्यामागं हितं दुसरी पोरगी घेतील का हे लोक? आमी सांगितलंच होतं म्हनतील."

"पण तुमची तीस वर्षं..."

"झाली ना तीस? साकु." ते मशीन-रूममध्ये गेले, स्वेटर काढला, घडी केली आणि पिशवीत घातला. आत एसी चालू होता. अप्पांना मी पहिल्यांदाच नुसत्या शर्टावर बघितलं. किती बारीक माणूस होता तो.

त्यांची बदली धर्माबादच्या केंद्रावर झाली, केसपेपरच्या खिडकीवर. त्यांचं लॉगिन पुसून टाका, असा हुकूम माझ्याकडेच आला. मी ते नुसतं झोपवलं. आठ दिवस झाले, वर्ष झालं, माझ्यानं पुढे बोट रेटवलं नाही.

मी खरं सांगणार होते. कंत्राट संपू दे, मग सांगू. मग मी कायम झाले, अप्पांच्या खुर्चीत बसले, तर म्हटलं आईचं ऑपरेशन होऊ दे. ते झालं. मग तपासणी होऊ दे. माणसाला टाळायचंच असलं की कारणं रांगेनं उभी राहतात.

एकदा धीर करून सकाळच्या गाडीनं धर्माबादला गेले. मनाशी ठरवून गेले होते की आज अप्पांना सांगायचं, उद्या साहेबांकडे लेखी देते म्हणून. केंद्राच्या खिडकीत अप्पा बसले होते. समोर तेलंगणातून आलेल्या बायकांची रांग, आणि हे त्यांच्याशी तोडक्यामोडक्या तेलुगूत बोलून हसवत होते. केसपेपर हातानं लिहीत होते, मोत्यासारखं अक्षर. शेजारचा कॉम्प्युटर बंद.

मला बघून उभेच राहिले. "आली का माय! जेवली का?"

तेवढ्यात आतल्या खोलीतला कॉम्प्युटर अडला आणि केंद्रप्रमुख बाहेर आले. कुणाला तरी नांदेडला फोन लावायला सांगत होते. अप्पा पटकन दोन पावलं त्या दिशेनं गेले. मग थांबले. हात मागे घेतला आणि परत येऊन खुर्चीवर बसले. केंद्रप्रमुखांनी मला बाजूला घेऊन, पण अप्पांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात सांगितलं, "यांनीच ते लातूरचं पुसलं होतं ना? आम्ही बाबा यांना कशाला हात लावू देत नाही." अप्पांनी ऐकलं. ते पुढच्या बाईला तेलुगूत नाव विचारू लागले.

जेवायच्या सुट्टीत स्टेशनच्या बाकावर बसलो. मी म्हटलं, "अप्पा, उद्या मी साहेबांना सांगणार आहे."

"काय सांगनार? अप्पा खोटं बोलला म्हनून?"

"माझी चूक होती म्हणून."

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. "हे बघ. सगळ्या जिंदगीत एकदा खोटं बोललो. तेवढं तरी धड टिकू दे." मग माझ्याकडे बघून हसले. "अन् तू आता दोन पोरी शिकवून राहिलीस म्हनं खाली? त्यान्ला इचारफेरी शिकव. बाकीचं शिकतील आपोआप."

"तुम्हाला वाईट वाटत नाही?"

त्यांनी रुळांकडे नजर वळवली. "वाटतंय," म्हणाले. "कामाची आठवन येती. सकाळी उठलो की बोटं वळवळतात. खोटं कशाला बोलू तुझ्याशी." मग विचारलं, "लातूरची ती बाई बरी हाय ना?"

दीड वर्षानं ते मला हे विचारत होते. मी म्हटलं, बरी आहे. मला काय माहीत होतं? तरी म्हटलं. आणि परतीच्या गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी साहेबांना काही सांगितलं नाही. त्यांनीच नको म्हटलं, हे आयतं कारण मिळालं होतं.

चार महिने राहिले होते निवृत्तीला. एका सकाळी उदगीरच्या भावाचा फोन आला. सुट्टीवर घरी आले होते, हातावर लिंग घेऊन पूजेला बसले आणि बसल्या जागी गेले. मी तशीच एसटी पकडली. लोहा, अहमदपूर, पुढे कुठली कुठली गावं गेली, मला आठवत नाही.

पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाला झोपवत नाहीत, बसवतात. अप्पांना मांडी घालून भिंतीशी बसवलं होतं, कपाळभर भस्म, गळ्यात बेलाची माळ, डाव्या तळव्यावर लिंग. जंगम मंत्र म्हणत होते. डोळे जरा किलकिले राहिले होते. मी समोर उभी राहिले. मोंढ्यातली माणसं, धर्माबादचे दोघंतिघं, नांदेडहून एकटी मी. साहेबांनी हार पाठवला होता.

अक्का बायकांत बसल्या होत्या. त्यांनी मला बोलावून जवळ घेतलं. "तू नांदेडची ना, माय? मशीनवाली?"

मी मान हलवली.

"शेवटाला एक चूक झाली बघ ह्यांच्या हातून. लई मनाला लावून घेतलं. जेवता जेवता मधीच हात थांबायचा. मी म्हनायची, झालं ते झालं. तुमा लोकान्ला बी तरास झाला असंल. पोटात घाला, माय. माणूस वाईट नव्हता."

अप्पांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. या बाईनं दोन वर्षं आपल्या नवऱ्याची चूक म्हणून ती सांभाळली होती, आणि आता माझ्यापुढे हात जोडत होती. मी सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अक्का, ते मी पुसलं होतं. अप्पांनी नाही. त्यांच्या नावानं मी पुसलं. चूक माझी होती, त्यांनी स्वतःवर घेतली."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या मला ढकलून देतील, शिव्या देतील. मला ते हवंच होतं. त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं.

"ह्यांनी सांगितलंच होतं मला," त्या म्हणाल्या. "ती पोरगी लई मायेची हाय. एक दिवस यील अन् म्हनंल, चूक माझी होती म्हनून. तवा तिचं ऐकू नगो, म्हनले. माझ्यासाठी खोटं बोलंल ती." आणि शेजारच्या बाईकडे वळून कौतुकानं म्हणाल्या, "बघ की. बराबर तसंच म्हनली."

"अक्का, खरंच सांगते..."

"हाव, हाव."

मी भावाकडे बघितलं, धर्माबादच्या माणसांकडे बघितलं. सगळे माझ्याकडे मायेनं बघत होते. आपल्या खोट्याचीही अप्पांनी विचारफेरी करून ठेवली होती, एकही घर सोडलं नव्हतं.

बाहेर हलगी वाजायला लागली. अप्पांना उचललं. अक्का माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या, पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"रडू नगो, माय," त्या म्हणाल्या. "तुझी काय चूक?"